पंचावन्नातला एक

"हा तो नाही गं," दादा म्हणाला आणि खोका माझ्या हातात परत दिला.

सात महिन्यांचे शनिवार-रविवार त्या खोक्यात होते. आत एक मायक्रोकंट्रोलर, तळहाताहून लहान रंगीत पडदा, तीन बटणं, एक चिमुकला स्पीकर आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा, मी स्वतः आखलेला पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी. त्यावर 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जुना व्हिडिओ गेम चालत होता. चित्रं बरोबर होती, जुन्या स्क्रीनशॉटवरून एकेक पिक्सेल मोजून उतरवलेली. पाच रांगा, रांगेत अकरा, एकूण ५५ परग्रहवासी. खाली चार ढाली. वरून अधूनमधून सरकत जाणारी बशी.

"काय नाही? नक्की काय वेगळं आहे ते सांग ना."

"ते नाही सांगता येणार. हलतात वेगळेच. बटण दाबलं की हाताला लागत नाही. आणि चंद्र कुठाय?"

"कसला चंद्र?"

"मागे चंद्र होता. मोठा."

चंद्रबिंद्र काही नव्हता. मूळ खेळाचा प्रोग्रॅम अवघा ८ किलोबाइटचा. हौशी लोकांनी तो ओळ न् ओळ उकलून ठेवला आहे आणि त्यात चंद्राचं चित्र कुठेही नाही. दादा हा खेळ शेवटचा खेळला त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. एवढ्या काळात आठवणीत चंद्र काय, अख्खी आकाशगंगा उगवेल. ते मी हसण्यावारी नेलं. बाकीच्या दोन तक्रारी मात्र सलत राहिल्या. त्या खऱ्या आहेत हे खेळताना मलाही जाणवत होतं, फक्त मी ते स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

या नादाची सुरुवात पाँग या त्याहून जुन्या व्हिडिओ गेमपासून झाली. दोन फळ्या, एक चेंडू, मध्ये तुटक रेघ. मला वाटलं, एका दुपारचं काम. १९७२ साली अटारी या कंपनीत नव्याने आलेल्या ॲलन अल्कॉर्नला तिचा संस्थापक नोलन बुशनेलने हा खेळ हात बसावा म्हणून करायला दिला होता. म्हणजे तोही सरावाचाच धडा. गंमत अशी की पाँगच्या त्या यंत्रात मायक्रोप्रोसेसर नाही. प्रोग्रॅमही नाही. पाँगचा 'कोड' वाचायचा तर सर्किटचा नकाशा उलगडून बसावं लागतं. टीव्हीचा किरण या क्षणी कितव्या रेघेवर आणि रेघेत कुठे आहे, ते चिप्स मोजत राहतात. मोजणी चेंडूच्या जागेशी जुळली की तेवढ्यापुरता पडदा पांढरा होतो. झाला चेंडू. तो चौकोनी आहे, कारण गोल करायचा तर आणखी चिप्स लागल्या असत्या.

मी ते सगळं एका एटीमेगा ३२८पी चिपवर करायला घेतलं. आर्डुइनो उनोच्या पोटात असते तीच ही. १६ मेगाहर्ट्झचा वेग, २ किलोबाइट रॅम. टीव्ही पिक्चर ट्यूबचाच हवा होता, तो मिळाला. आणि चिपपासून त्या टीव्हीपर्यंत चित्र न्यायला फक्त दोन रेझिस्टर पुरतात, एक १००० ओहमचा, एक ४७० चा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं होतं. पण गणित सरळ आहे. टीव्हीच्या आत व्हिडिओच्या वायरीला ७५ ओहमचा भार असतो. दोन्ही पिना बंद, तर ० व्होल्ट: टीव्ही समजतो, रेघ संपली. १००० ओहमवाली एकटी चालू, तर जेमतेम ०.३ व्होल्ट: काळा. दोन्ही चालू, तर जवळजवळ १ व्होल्ट: पांढरा. पाँगला याहून जास्त रंग लागतच नाहीत.

अवघड भाग वेळेचा. माझ्या टीव्हीची एक आडवी रेघ ६४ मायक्रोसेकंदांची. १६ मेगाहर्ट्झने गुणलं की चिपच्या घड्याळाचे बरोबर १०२४ टिक. पुढची रेघ सुरू झाल्याचा इशारा दर १०२४ टिकांनी गेलाच पाहिजे. १०२३ नाही, १०२५ नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर चित्र आलं, आणि फळीची कड पाहते तर करवतीसारखी दातेरी, शिवाय ती कड सतत वळवळत होती. तासभर मी वायरी हलवून पाहिल्या, ग्राउंड तपासला, रेझिस्टर बदलले. दोष कुठल्याच वायरीत नव्हता. चिपला टायमरचा इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं सोड, आधी हे कर' असा इशारा, आला की हातातली सूचना पुरी केल्याशिवाय ती उठत नाही. काही सूचना एका टिकेत संपतात, काहींना दोन लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे कधी ती लगेच उठणार, कधी एक-दोन टिक रेंगाळून. पडद्यावर त्या एका टिकेचा एक दात.

यावर उपाय मजेदार आहे. इंटरप्टमध्ये शिरल्या शिरल्या टायमर वाचायचा, किती उशीर झाला ते पाहायचं आणि उशीर कमी असेल तितक्या 'काहीच करू नकोस' अशा सूचना पाळायच्या. वेळेवर आलेल्याला थोडा थांबवायचा, म्हणजे उशिरा आलेल्याशी त्याची वेळ जुळते. त्या रात्री फळीची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली. मी बराच वेळ नुसती ती कड बघत बसले होते. खेळ अजून सुरूही झाला नव्हता.

मग फळी हलवायचा प्रश्न. मूळ यंत्रात फिरवायची मूठ होती, म्हणजे मीही पोटेन्शिओमीटर (थोडक्यात पॉट, फिरवला की रोध बदलणारा) लावला. पॉट अर्धा फिरेपर्यंत फळी खालच्या टोकाला पेंगत राही, आणि उरलेल्या अर्ध्यात अशी सुसाट सुटे की चेंडू अडवायचं राहूद्या, फळी सापडणंच मुश्कील. मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी पॉट उलटा करून पाठीवरचं अक्षर वाचलं. आकड्याआधी 'ए' होतं. 'बी' म्हणजे जितकं फिरवाल तितकाच बदलणारा. 'ए' आवाजाच्या मुठीसाठी. आपल्या कानाला आवाज एकसारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून तो मुद्दाम असा वाकडा चढतो. कानासाठी बनवलेली वस्तू मी डोळ्याला लावली होती.

'बी' पॉट लावल्यावर मी आणि भाचा खेळायला बसलो. दहा मिनिटं झाली तरी गुण ०-०. दोघांचेही हात बसले होते आणि चेंडू काही केल्या खाली पडत नव्हता. "आत्या, हे बोअर आहे," भाचा म्हणाला. अकरा वर्षांचं पोर, पण निदान अचूक.

मूळ पाँगमध्ये फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोचतच नाही. सर्किटमधलाच तो दोष होता. अल्कॉर्नला दुरुस्त करता आला असता, पण त्याने तसाच राहू दिला, कारण त्या फटीमुळे डाव कधीतरी संपतो. माझी फळी टोकापर्यंत जात होती, कारण न जाण्यासाठी मला वेगळी ओळ लिहावी लागली असती आणि ती लिहायचं मला सुचलंच नव्हतं. मूळ फळीचे आठ भाग मानलेले आहेत, चेंडू ज्या भागावर आदळेल त्याप्रमाणे परतीचा कोन बदलतो. माझ्याकडे चेंडू आरशावरून परतावा तसा, आला त्याच कोनात परत जायचा. आणि फटकेबाजी लांबली की मूळ चेंडूचा वेग वाढतो. हे सगळं घातलं. वर फट ठेवली. पुढच्या डावात भाचा मोठ्याने ओरडला तेव्हा कुठे पाँग झाला.

आवाजाची गोष्टही सांगायलाच हवी. बुशनेलला गुण मिळाल्यावर गर्दीचा जल्लोष हवा होता. ते त्या चिप्सवर कसं करणार? अल्कॉर्नने टीव्हीचा इशारा तयार करणाऱ्या भागातच कानाला बरे वाटतील असे सूर हुडकले आणि तिथूनच वायर ओढून स्पीकरला दिली. पाँगचा तो प्रसिद्ध टुक-टुक आवाज म्हणजे पडद्याच्या मोजणीचाच आवाज. नवीन काही बनवलंच नाही, होतं ते ऐकू येईल एवढं केलं. या माणसाबद्दल मला जो आदर आहे तो मुख्यतः या अर्ध्या दिवसाच्या कामाबद्दल.

एवढं शिकल्यावर स्पेस इन्व्हेडर्सच्या वेळी शहाणी होईन असं वाटलं होतं. झाले नाही.

हा खेळ १९७८ चा, टाइटो कंपनीचा. तोमोहिरो निशिकादोने तो जवळजवळ एकहाती घडवला, इतका एकहाती की खेळ लिहिण्यासाठी लागणारं हार्डवेअरसुद्धा आधी स्वतः बांधलं. आत इंटेल ८०८०, वेग २ मेगाहर्ट्झ. पडदा २२४ बाय २५६, प्रत्येक पिक्सेल एक तर पेटलेला नाहीतर विझलेला. एका बाइटमध्ये आठ पिक्सेल, म्हणून अख्ख्या चित्राला ७१६८ बाइट. पण इथेच एक गोची आहे. एखादं चित्र तीन पिक्सेल सरकवायचं तर बाइटमधले बिट तीन घरं ढकलावे लागतात आणि ८०८० एका सूचनेत एकच घर ढकलू शकतो. प्रत्येक चित्राच्या प्रत्येक बाइटसाठी हे करत बसला तर खेळ रांगायला लागेल. म्हणून बोर्डावर फक्त बिट ढकलण्यासाठी वेगळं सर्किट बसवलेलं आहे. प्रोसेसर त्याच्याकडे बाइट फेकतो, किती घरं ते सांगतो आणि सरकवलेला बाइट परत घेतो. माझ्या खोक्यातल्या आरपी २०४० या चिपला हे एका सूचनेत येतं. शिवाय वेग १३३ मेगाहर्ट्झ आणि २६४ किलोबाइट रॅम. मूळ यंत्राचं अख्खं चित्र त्यात पस्तीसहून जास्त वेळा मावेल.

त्या श्रीमंतीनेच घात केला. मी पंचावन्नच्या पंचावन्न परग्रहवासी एकाच झटक्यात हलवले. कवायतीतल्या पलटणीसारखे ते सगळे एकदम डावीकडे, सगळे एकदम उजवीकडे. मेले तसा वेग वाढावा म्हणून मी एक छोटा तक्ताही लिहिला: इतके उरले की वेग इतका. दिसायला ठीक होतं. पण दादाचा हात तीस वर्षांनीही ते मान्य करत नव्हता.

मूळ प्रोग्रॅममध्ये एका फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा रंगवला जातो तेवढ्या वेळात, एकच परग्रहवासी हलतो. खालच्या रांगेपासून सुरुवात, एकेक करत वर. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे पंचावन्न जणांची एक पाळी व्हायला सेकंदाला थोडं कमी. त्यामुळे ती फौज एकदम हलत नाही. वाऱ्याची झुळूक शेतावरून जावी तशी खालून वर एक लहर जाते. आणि तुम्ही एकेक मारत गेलात की पाळीतली माणसं कमी होतात, म्हणून उरलेल्यांची पाळी लवकर येते. सत्तावीस उरले की वेग दुप्पट. शेवटचा एकटा उरला की प्रत्येक फ्रेमला पाळी त्याचीच, आणि तो वेड लागल्यासारखा धावत सुटतो. वेग वाढवणारा तक्ता नाहीच. यंत्राची दमछाक कमी होत जाते, तेवढाच खेळ पळायला लागतो. निशिकादोला हे दिसलं आणि त्याने ते राहू दिलं.

मी माझा तक्ता खोडला. आता एका फ्रेमला एकच. त्या जागी जेमतेम दहा ओळी उरल्या, आणि खोडलेल्या ओळींचं दुःख करायला वेळच मिळाला नाही, कारण त्याच संध्याकाळी माझी एक जुनी डोकेदुखीही परस्पर गेली.

ती अशी. माझ्या पडद्यात आयएलआय ९३४१ हा कंट्रोलर आहे, २४० बाय ३२० पिक्सेलचा. उभा धरला की मूळ २२४ बाय २५६ त्यात काहीही न ताणता बसतं, म्हणून तर तो निवडला होता. पण चिपपासून पडद्यापर्यंत चित्र एसपीआयच्या एका वायरीतून, एकामागून एक बिट असं जातं. पडद्याला प्रत्येक पिक्सेलसाठी १६ बिट लागतात. गुणाकार केला तर एका चित्राचे सव्वानऊ लाखांच्या आसपास बिट. वायर ४० मेगाहर्ट्झवर चालवली तरी एक चित्र जायला जवळजवळ २३ मिलिसेकंद. आणि साठ फ्रेमसाठी हातात किती? १६.७. कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं. मी वायरीचा वेग आणखी वाढवून पाहिला, मग पडद्यावर रंगीबेरंगी कचरा यायला लागला. प्रोसेसरला मध्ये न घेता परस्पर माहिती पाठवणारा डीएमए लावला, चिपमधला दुसरा कोअर, म्हणजे दुसरा प्रोसेसर, कामाला जुंपला. पण नळ बारीक असेल तर मागे दोन माणसं ढकलायला उभी करून पाणी जास्त येत नाही.

आता एका फ्रेमला एकच परग्रहवासी हलतो, म्हणजे बदलतो तो १६ बाय ८ पिक्सेलचा तुकडा. जुन्या जागी पुसायचा, नव्या जागी काढायचा, त्यात तोफ आणि एक-दोन गोळ्यांची भर. बिट मोजले तर मिलिसेकंदाचा बारीकसा अंश. बाकी सगळा वेळ चिप रिकामी. ज्या अडचणीने निशिकादोला एकेक हलवायला लावलं तीच, वेगळ्या रूपात, माझ्या वायरीत बसली होती. त्याचा प्रोसेसर मंद, माझी वायर बारीक. मी सात महिने तिच्याशी मारामारी करत होते आणि उत्तर मी ज्याची नक्कल करत होते त्याच खेळात पडलेलं होतं. हे कळल्यावर आनंद झाला की लाज वाटली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादाची दुसरी तक्रार बटणाची. "हाताला लागत नाही" म्हणजे काय ते मला आधी समजलंच नाही. बटण दाबलं की आतला पत्रा एकदाच टेकत नाही. काही मिलिसेकंद थरथरतो आणि चिपला तेवढ्यात पाच-सहा वेळा दाबल्याचं दिसतं. म्हणून मी पुस्तकी उपाय केला होता: इशारा आला की ५० मिलिसेकंद थांब, अजूनही दाबलेलं असेल तर खरं मान. दिवे लावायच्या बटणाला हे चालतं. खेळात ५० मिलिसेकंद म्हणजे तीन फ्रेम. तोफ सुटेपर्यंत तो परग्रहवासी पुढे गेलेला. उपाय उलटा करायचा होता: पहिल्याच स्पर्शाला गोळी सोडून द्यायची आणि मग थोडा वेळ कान बंद ठेवायचे. थरथर तर तेवढीच आहे, फक्त तिची किंमत दाबायच्या आधी मोजायची की नंतर, एवढाच फरक. नंतर मोजली तर कुणाला कळतही नाही.

मधल्या काळात बोर्डाचाही एक नवा संच करावा लागला. पहिल्या पाचात पडद्याचा कनेक्टर मी मागच्या बाजूला ठेवला आणि पिनांची नावं मात्र पुढून बघितल्यासारखी दिली. आरशात वाचल्यासारखं सगळं उलटं: पहिली पिन चौदावी, चौदावी पहिली. पॉवर दिली आणि पडदा मख्ख. बोटाने चाचपलं तर चिप थंड, पडदा थंड, सगळंच थंड. मल्टिमीटर लावल्यावर कळलं की वीज भलत्याच दारात उभी आहे. नशिबाने काही जळलं नाही. चौदा बारीक वायरी तिरक्या ओढून तो बोर्ड मी चालवला, तोच दादाच्या हातात पहिल्यांदा दिला होता. उरलेले चार अजून खणात आहेत. एकाचा कोस्टर झाला आहे.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल, घे, मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा चालव. किंवा एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप, घे आणि त्यात जुन्या चिप्सच गेट न् गेट पुन्हा उभ्या कर; मिस्टर नावाच्या प्रकल्पात जगभरचे लोक नेमकं हेच करतात आणि फार नेटकं करतात. त्या वाटेने गेले असते तर दादाने पहिल्या दिवशी मान डोलावली असती. पण मग एका फ्रेमला एकच का हलतो, हे मला कधी कळलंच नसतं. मूळ प्रोग्रॅम चालवणाऱ्याला त्याच्या अडचणी आयत्या मिळतात, आणि आयत्या मिळालेल्या गोष्टीकडे माझं तरी लक्ष जात नाही.

खोट्या समजुतीही गळून पडल्या. वरून जाणारी बशी मारली की कधी ५० गुण, कधी १००, कधी १५०, क्वचित ३००. दादा म्हणतो, नशीब. मलाही तसंच वाटायचं आणि मी तिथे यादृच्छिक आकडा लावून मोकळी झाले होते. उकललेला प्रोग्रॅम वाचला तर नशिबाचा संबंधच नाही. तुम्ही किती गोळ्या झाडल्या ते यंत्र मोजत असतं. तेविसाव्या गोळीला बशी पाडलीत की ३००, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला. तेव्हाचे पट्टीचे खेळाडू मनात गोळ्या मोजत खेळायचे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तीस वर्षांचं नशीब मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

परग्रहवासी अगदी खालच्या ओळीपर्यंत, तुमच्या डोक्याशी येऊन ठेपले की त्यांच्या गोळ्या तुम्हाला लागत नाहीत, हीसुद्धा मूळ खेळातली गंमत. जपानमध्ये खेळाडूंनी ती हेरली आणि तिला नागोया शहराचं नाव दिलं. मी हे वाचलं आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये ती चूक कशी घालावी याचा विचार करत बसले. चूक घालायची, मग ती नीट चुकते आहे ना ते तपासायचं, आणि चुकली नाही तर चूक दुरुस्त करायची. हे काम करताना माझा चेहरा कुणी पाहिला नाही हे बरं.

आवाजाचं शेवटी उरलं होतं. चार जड सुरांची ती उतरती पावलं: धम, धम, धम, धम. किती उरले त्याप्रमाणे दोन ठोक्यांमधलं अंतर कमी होत जातं. मी आधी ठोके एकाच लयीत वाजवत होते, आता उरलेल्यांच्या संख्येला बांधले. स्पीकर एवढासा, जड सूर त्याच्यात मावेनात, म्हणून त्याच्या मागे एक छोटी बंद डबी चिकटवली. डबीने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कुठल्याच प्रोग्रॅमने पडला नव्हता.

दुसऱ्यांदा खोका दादाच्या हातात दिला तेव्हा तो काही बोलला नाही. डावा खांदा किंचित पुढे आला, जीभ दाताखाली गेली. मी लहान असताना तो असाच खेळायचा आणि मी शेजारी उभी राहून माझी पाळी कधी येते याची वाट बघायची. शेवटचा एकटा उरला. तो डावीकडून उजवीकडे भिरभिरत सुटला आणि दादाने श्वास रोखून धरला. सुटला. खाली पोचला. खेळ संपला.

"हां," दादा म्हणाला. "असाच पळायचा हरामखोर." मग खोका उलटासुलटा करून पाहत, "पण चंद्र राहिला तुझा."

आता मला राग आला. मी लॅपटॉप उघडला, त्याला प्रोग्रॅम दाखवला, चित्रांचा साठा दाखवला. हे परग्रहवासी, ही ढाल, ही बशी. कुठे आहे चंद्र? तो म्हणाला, ते तुझं तू बघ, मी पाहिलाय. मग त्याला खोटं ठरवण्यासाठी म्हणून मी जुन्या मशीनची माहिती काढायला लागले. प्रोग्रॅमची माहिती मला पाठ होती. लाकडी कपाटाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

अमेरिकेत मिडवे कंपनीने विकलेल्या उभ्या मशीनमध्ये टीव्हीचा पडदा खेळणाऱ्याकडे तोंड करून नसतोच. तो खाली दडलेला असतो आणि आपण पाहतो ते तिरक्या, अर्धपारदर्शक काचेतलं त्याचं प्रतिबिंब. काचेमागे रंगवलेला देखावा आणि त्यावर प्रकाश. परग्रहवासी त्या देखाव्यावर तरंगताना दिसतात. आणि देखाव्यात काय आहे? चंद्राची जमीन. खड्डे, डोंगर, सगळं.

आठ किलोबाइटमध्ये चंद्र नव्हता, कारण तो पुठ्ठ्यावर होता. रंगसुद्धा तसाच: पडदा काळा-पांढरा, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या. मी हिरवा रंग सोळा बिटांत बसवायला अर्धा दिवस घातला होता.

दादाला फोन केला. तो हसला नाही, "सांगितलं होतं" असंही म्हणाला नाही, आणि तेच जास्त लागलं.

सध्या खोक्याचं तिसरं रूप टेबलावर उघडं पडलं आहे. पडदा आडवा, वर तोंड करून. त्यावर ४५ अंशांत एक काचेचा तुकडा, पुस्तकांच्या टेकूने उभा. काचेत चित्र उलटं दिसतं, म्हणून ते आधीच उलटं पाठवावं लागतं. त्यासाठी मी संध्याकाळ राखून ठेवली होती, पण पडद्याच्या कंट्रोलरमध्ये नेमकं त्यासाठी एक बिट आहे. शून्याचा एक केला. पडद्यावर स्कोअर उलटा झाला, काचेत सुलटा. काम संपलं. दिवे मालवले तर परग्रहवासी काचेमागच्या रिकाम्या हवेत तरंगत होते आणि त्यांच्यामागे माझा जुना स्वेटर दिसत होता.

चंद्र दादा रंगवणार आहे. मी विचारलं, पुठ्ठा किती मोठा कापू? त्याने दोन्ही हात होते तेवढे पसरून दाखवले. माझा पडदा रुंदीला साडेचार सेंटिमीटरसुद्धा नाही.